दीड महिन्यांनी उलटणाऱ्या म्हशी: पन्हाळा तालुक्यातल्या एका गोठ्याचं प्रकरण

त्या गोठ्यावर मी पहिल्यांदा गेले ती गेल्या वर्षी २२ एप्रिलला. फोनवर एवढंच कळलं होतं की ‘म्हशी उलटायला लागल्यात’, म्हणजे रेतन करूनही परत माजावर यायला लागल्यात. उन्हाळ्यात आम्हा पशुवैद्यकांकडे हा फोन रोजचाच, आणि त्याचं उत्तरही ठरलेलं: मिनरल मिक्श्चर सुरू करा, पुढच्या माजाला दोनदा भरवा, म्हणजे रेतन करून घ्या. मीही कदाचित तेच सांगून निघाले असते. पण गोठ्याच्या मालकीण काकूंनी दारामागचं दूध संस्थेचं कॅलेंडर खिळ्यावरून काढलं आणि माझ्यापुढे धरलं. जवळजवळ प्रत्येक चौकटीत काहीतरी लिहिलेलं होतं. कोणती म्हैस माजावर आली, कधी भरवली, कोणी दूध कमी दिलं, कोणी पेंड खाल्ली नाही. पुढे जे काही उलगडलं त्याची सुरुवात या कॅलेंडरातून झाली, म्हणून त्याच्यापासूनच सांगते.

गोठ्यात अकरा म्हशी, सगळ्या मुऱ्हा जातीच्या किंवा मुऱ्ह्याच्या वळणाच्या. ऑक्टोबर-नोव्हेंबरात व्यालेल्या सहा जणींना फेब्रुवारी-मार्चमध्ये कृत्रिम रेतन केलेलं होतं. चंद्रीला ६ फेब्रुवारीला भरवलं, ती २४ मार्चला परत माजावर आली. राणीला ११ फेब्रुवारीला, ती २१ मार्चला. मोरीला १९ फेब्रुवारीला, ती १२ मार्चला. लाडीला २३ फेब्रुवारीला, ती ५ एप्रिलला. गंगीला २ मार्चला आणि सखूला ८ मार्चला भरवलं होतं, त्या दोघी उलटल्या नव्हत्या.

“फळली असं वाटतंय, आन् दीड महिन्यानं परत बळस टाकतीया,” काकू म्हणाल्या. “रेतच खराब येतंय बगा मॅडम. न्हाईतर त्या पोराचा हात तरी.” पोर म्हणजे रेतन करणारा मुलगा, आणि बळस म्हणजे माजावरच्या म्हशीचा चिकट स्राव.

आकडे मांडले की मोरी लगेच वेगळी पडते. ती बरोबर २१ दिवसांनी आली. बाकी तिघींचं अंतर ४६, ३८ आणि ४१ दिवसांचं. ‘उलटली’ हा आपला शब्द या चौघींनाही सरसकट लागतो आणि उपचार तिथेच चुकतो. गर्भ राहिलाच नाही, किंवा राहून पहिल्या पंधरवड्यातच गेला, तर म्हशीच्या शरीराला गर्भाचा पत्ताच लागत नाही आणि ती नेहमीसारखी एकविसाव्या दिवसाच्या आसपास माजावर येते. सोळाव्या-सतराव्या दिवसाच्या सुमारास भ्रूण आपल्या अस्तित्वाचा रासायनिक निरोप गर्भाशयाला देतं. तो निरोप पोहोचला की बीजांडकोशावरचा पीतपिंड (स्त्रीबीज सुटल्यावर तिथे तयार होणारी गाठ) टिकतो, त्यातून येणारं गर्भ टिकवणारं संप्रेरक, प्रोजेस्टेरॉन, चालू राहतं आणि माज थांबतो. त्यानंतर भ्रूण मेलं तर म्हैस उशिरा, पस्तीस-चाळीस-पन्नास दिवसांनी उलटते. तिला गर्भ राहिलेला असतो, टिकलेला नसतो.

पण इथे एक खड्डा आहे आणि मी स्वतः त्यात पूर्वी पडलेली आहे. २१ दुणे ४२. म्हशीचा माज मुका असतो. उन्हाळ्यात तर तो रात्री येतो आणि पहाटे संपतो, गाईसारखं हंबरणं नाही, दुसरीवर उडणं नाही. मधला एक माज नजरेतून सुटला तर नुसती न फळलेली म्हैसही ४२ दिवसांनीच ‘उलटल्यासारखी’ दिसणार. ३८, ४१, ४६ हे आकडे दोन्हीकडे बसतात. काकूंच्या कॅलेंडरावर २० फेब्रुवारी ते ६ मार्च या काळात चंद्री किंवा राणीच्या नावापुढे ‘दूध कमी’ असं काही नव्हतं, एरवी माजाच्या दिवशी त्या ते हमखास लिहायच्या. गर्भ राहून गेला असावा असा संशय त्यातून घेता येतो. पुरावा मात्र नाही.

पुरावा गंगीने दिला. माझ्याकडे बॅटरीवर चालणारं सोनोग्राफीचं यंत्र होतं. गंगीला भरवून ५१ दिवस झाले होते, उलटली नव्हती म्हणून घरात ती गाभण धरलेली. पडद्यावर गर्भाशयात पाणी दिसलं, पण ते स्वच्छ काळं नव्हतं, त्यात करडे कण तरंगत होते. भ्रूण होतं, पण एकावन्न दिवसांचं नव्हे. पस्तिशीच्या आसपासच वाढ थांबलेलं, कडा विरघळत चाललेलं, आणि हृदयाची फडफड नाही. मी दोन मिनिटं नुसती तिथेच बघत राहिले, ठोका हुकला असेल म्हणून. नव्हताच. पीतपिंड मात्र अजून शाबूत. म्हणूनच ती माजावर येत नव्हती. हाताने तपासून ‘भरल्यासारखी वाटते’ म्हणून सोडली असती तर आणखी महिना-दीड महिना ती गाभण म्हणून सांभाळली गेली असती.

सखू ४५ दिवसांची गाभण, ठोका चांगला. चंद्रीला २४ मार्चला आणि राणीला २१ मार्चला पुन्हा भरवलेलं होतं, त्या २९ आणि ३२ दिवसांवर होत्या. दोघींच्याही पोटात भ्रूण होतं आणि दोघींचाही ठोका दिसला. काकूंना मी पडदा दाखवला. तांदळाएवढं काहीतरी लुकलुकत होतं. त्या काही बोलल्या नाहीत, पदराने डोळ्यांवरची तिरीप आडवून बघत राहिल्या. लाडीला जेमतेम १७ दिवस झाले होते, तिच्यात काही दिसण्यासारखं नव्हतं. मोरी रिकामी होती आणि २ एप्रिललाही ती नेमाने उलटलेली होती.

म्हणजे एकाच गोठ्यात दोन वेगळ्या गोष्टी चालू होत्या.

मोरीचं आधी संपवते, कारण ती या प्रकरणाचा गाभा नाही. २३ एप्रिलला ती ठरल्याप्रमाणे माजावर आली. काकूंनी स्वच्छ बाटलीत बळस धरून पाठवली. दिसायला काचेसारखी, पण सोडियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात मिसळून उकळल्यावर ती पिवळी पडली. म्हणजे गर्भाशयाला बाहेरून न दिसणारी सूज होती. त्या माजाला तिला भरवायचं नाही, उपचार करायचा, असं ठरलं. शिवाय तिला भरवण्याची वेळही दर खेपेला उशिराची होती. माज पहाटे दिसायचा, फोन आठ वाजता जायचा आणि रेतन दुसऱ्या दिवशी दुपारी व्हायचं. शिळं झालेलं स्त्रीबीज फळतं कधीकधी, पण त्याचा गर्भ सहसा टिकत नाही.

आता बाकीच्या.

काकूंचा पहिला आरोप रेतावर होता, म्हणून रेतन करणाऱ्या मुलाला मी त्याच दिवशी बोलावून घेतलं. घाबरलेला होता. त्याने प्रत्येक कांडीवरचा, म्हणजे गोठवलेल्या रेताच्या नळीवरचा, वळूचा क्रमांक वहीत लिहून ठेवलेला होता. सहा म्हशींना तीन वेगळ्या वळूंच्या कांड्या वापरल्या होत्या, आणि जी चंद्रीला पहिल्यांदा दिली त्याच वळूची सखूला दिली होती. कांड्या गोठवून ठेवायच्या नत्र पात्रात पातळी ठीक होती. कांडी ३७ अंशांच्या पाण्यात अर्धा मिनिट धरायची हे त्याला माहीत होतं आणि थर्मामीटरही होता. वळूमुळे गर्भ कमजोर निघू शकतो हे खरं, पण तीन वेगळ्या वळूंच्या माथी हे मारता येत नाही. आणि गंगीच्या पोटात भ्रूण वाढलं होतं म्हणजे रेताने आपलं काम केलं होतं. त्या मुलासमोर हे काकूंना स्पष्ट सांगणं मला गरजेचं वाटलं. गावात एकदा ‘हात वाईट’ असं नाव पडलं की ते निघत नाही.

मग मी इंजेक्शनांची चौकशी केली. गाभण म्हशीला रिकामी समजून माजावर आणायचं प्रोस्टाग्लँडिन टोचलं जातं आणि गर्भ पडतो, ही गोष्ट कबूल कोणी करत नाही पण घडते. तसंच गाभण म्हैस कधीकधी थोडी बळस टाकते, तिला माज समजून परत नळी आत घातली की गर्भ जातो. इथे दोन्ही नव्हतं. पुन्हा भरवण्याआधी त्या मुलाने चंद्री आणि राणीचं गर्भाशय हाताने तपासलं होतं, दोन्ही ताठर, माजाचंच होतं.

काकूंचे थोरले दीर ‘ब्रुसेला असणार’ म्हणत होते. ब्रुसेलाची भीती रास्त आहे, तो माणसालाही होतो. पण ब्रुसेला बहुतेक वेळा पाच-सहा महिन्यांनंतर गाभडवतो, महिना-सव्वा महिन्याच्या गर्भाची ही तऱ्हा त्याची नव्हे. तरी रक्त तपासून घेतलं. अकराही म्हशी स्वच्छ निघाल्या. जनावर वळूकडे नेलं जात नव्हतं, त्यामुळे वळूकडून लागणाऱ्या रोगांचा प्रश्नच आला नाही.

“गेल्या सालीबी भरवल्या हुत्या की,” काकू म्हणाल्या. “तवा अशा न्हाई गेल्या.”

यंदा बदललं काय, हे मी तीन वेगवेगळ्या तऱ्हांनी विचारलं. उत्तर आम्ही ज्याच्याखाली उभ्या होतो तेच होतं. गोठा नवा होता. दिवाळीनंतर जुना कौलारू गोठा पाडून पत्र्याचा बांधला होता, तोंड पश्चिमेला. दुपारी तीन वाजता आत माझ्याच डोक्यातून घाम निथळत होता. पूर्वी म्हशी दुपारी ओढ्यावर जायच्या आणि तासभर डुंबायच्या. नवा गोठा झाल्यावर, पाण्याची टाकीही आतच आल्यावर, त्या दिवसभर दावणीला राहिल्या. म्हशीची कातडी काळी आणि तिच्यातल्या घामाच्या ग्रंथी गाईपेक्षा फारच कमी. ती घामाने थंड होत नाही, पाण्याने आणि चिखलाने होते. डुंबणं हा तिचा लाड नव्हे. मी दुपारी तीनच्या सुमाराला चौघींचं तापमान घेतलं, तिघी १०२.५ फॅरनहाइटच्या वर होत्या आणि तोंड उघडून धापत होत्या.

दुसरी गोष्ट वैरण. कारखाने चालू असेपर्यंत, म्हणजे मार्चपर्यंत, गव्हाणीत जवळपास नुसतं उसाचं वाडं, म्हणजे तोडलेल्या उसाचे शेंडे. आमच्या भागात वाडं फुकट मिळतं म्हणून त्याला नाव कोणी ठेवत नाही. पण वाड्यात ऑक्झलेट असतं, ते कॅल्शियम बांधून ठेवतं. प्रथिनं कमी, आणि वाळलं की अ जीवनसत्त्वाचा मागमूस राहत नाही. व्यालेली, दहा-बारा लिटर देणारी म्हैस अशा वैरणीवर आपल्याच अंगाचं झिजवून दूध देते. सहाही जणींच्या कमरेची हाडं वर आलेली होती. सखूच्या जराशी कमी, कारण ती उशिरा व्यालेली आणि दूधही कमी देणारी.

तिसरी गोष्ट कोणाच्या हातात नाही: ऋतू. म्हैस मुळात दिवस लहान होत जातात तेव्हा फळणारं जनावर. याचा सगळ्यात कसून अभ्यास झाला तो इटलीत, नेपल्सच्या परिसरातल्या काम्पानियात. तिथे म्हशीच्या दुधाचं मोझ्झारेला चीज उन्हाळ्यात जास्त खपतं, म्हणून म्हशी वसंत-उन्हाळ्यात व्याव्यात यासाठी त्यांना निसर्गाच्या उलट, दिवस मोठे होत असताना भरवतात. नेपल्सच्या विद्यापीठातल्या पशुवैद्यकांना दिसलं की अशा काळात कृत्रिम रेतनाने राहिलेल्या गर्भांपैकी २० ते ४० टक्के मरतात, आणि बहुतेक २५ ते ४५ या दिवसांत. म्हणजे भ्रूण गर्भाशयाच्या भिंतीला हळूहळू जोडलं जात असतानाच. रोगजंतू फार थोड्या वेळा सापडले. पुष्कळदा सापडलं ते कमी प्रोजेस्टेरॉन: पीतपिंड होता, पण दुबळा.

हे वाचून आपल्याकडे जसंच्या तसं लावू नये असं माझं मत आहे. नेपल्समध्ये सर्वांत लहान आणि सर्वांत मोठ्या दिवसात जवळपास सहा तासांचा फरक पडतो, कोल्हापुरात दोनच तासांचा. उजेडाचा चाबूक आपल्या म्हशींवर तितका कडक नाही. इथे त्याच महिन्यांत ऊन आणि उपासमार एकत्र येतात, आणि दुबळा पीतपिंड बहुधा त्यातून येतो. याच तालुक्यात ओढ्याकाठी हिंडणाऱ्या पंढरपुरी म्हशी मी मार्चमध्ये भरवलेल्या आणि टिकलेल्या पाहिल्या आहेत.

त्या दिवशी तीन गाभण म्हशींचं रक्त प्रोजेस्टेरॉनसाठी घेतलं. अहवाल सहा दिवसांनी आला. चंद्रीचं प्रोजेस्टेरॉन राणी आणि सखूच्या निम्म्याहूनही कमी होतं.

इथे माझी चूक सांगायला हवी. २२ एप्रिलला चंद्रीचा ठोका पाहून मी समाधान मानलं. एकदा असाच गर्भ गमावलेली म्हैस, तोच गोठा, तेच ऊन. तिला त्याच दिवशी पीतपिंडाला बळ देणारं इंजेक्शन द्यायला हरकत नव्हती. मी अहवालाची वाट पाहिली. तो आला तेव्हा तिचा पस्तिसावा दिवस होता आणि मी आणखी दोन दिवस विचारात घालवले.

गोठ्यात मात्र दुसऱ्याच दिवशी काम सुरू झालं. काकूंच्या मुलाने पत्र्यावर पाचटाचा हातभर थर चढवून वरून जाळी बांधली. पश्चिमेच्या अंगाला गोणपाटं टांगली, ती दुपारी भिजवायची. ओढ्यात तेव्हा पाणी राहिलं नव्हतं, म्हणून दिवसातून तीनदा पाइपाने अंगावर पाणी, त्यातही माथा आणि पाठ. मुख्य वैरण पहाटे आणि रात्री, कारण उन्हात म्हैस रवंथही नीट करत नाही. वाडं निम्म्यावर आणलं, शेजारच्या रानातला हिरवा मका आणि घरचा लसूणघास वाढवला, रोज पन्नास ग्रॅम खनिज मिश्रण आणि सोबत चुन्याची निवळी. पेंड वाढवायला काकू तयार नव्हत्या. दराचा हिशेब त्यांनी तोंडी मांडून दाखवला आणि तो खोडून काढण्यासारखा नव्हता, म्हणून मक्याच्या भरड्यावर भागवलं.

गंगीला प्रोस्टाग्लँडिन दिलं, गर्भाशय मोकळं झालं, तीन दिवसांनी माज आला. तो सोडून दिला. लाडीला ३० एप्रिलला, म्हणजे पंचविसाव्या दिवशी, जीएनआरएच या संप्रेरकाचं एक इंजेक्शन दिलं. त्याने बीजांडकोशावर जादा पीतपिंड तयार होऊ शकतो.

८ मेला परत सोनोग्राफी केली. सखू, राणी ठीक. लाडी ३३ दिवसांवर, ठोका होता. चंद्री ४५ दिवसांवर. गर्भाशयात थोडं गढूळ पाणी, बाकी काही नाही. सोळा दिवसांपूर्वी ज्या जागी लुकलुकताना काकूंनी पाहिलं होतं तीच जागा. १९ मेला ती माजावर आली, भरवल्यापासून ५६ दिवसांनी. आता अंदाजाला वाव राहिला नव्हता. तिचा गर्भ २९ ते ४५ दिवसांच्या मध्ये गेला होता, आणि फेब्रुवारीतलाही तसाच गेला असणार असं म्हणायला बळ आलं.

१९ मेला तिला भरवायचं की नाही यावरून काकूंचं आणि माझं जमलं नाही. मी म्हणत होते, पावसाळा उतरेपर्यंत थांबा. “भाकड म्हस चार म्हैनं पोसायची कुणी? तुमी?” त्यांनी विचारलं. प्रश्न रागाचा नव्हता, खरा होता. चंद्री तेव्हा पाच लिटरवर आलेली. जुलैपर्यंत आटली असती, आणि पुढे सप्टेंबरला भरवली तरी विणं दहा महिन्यांनी. शेवटी त्यांनीच मधला मार्ग काढला. तिला दावणीवरून काढून बहिणीच्या गावी, नदीकाठी पाठवली. तिथे हिरवं होतं आणि डोह होता. ऑगस्टअखेर परत आणली तेव्हा कमरेची हाडं झाकली होती. १४ सप्टेंबरला भरवली. १४ ऑक्टोबरला ठोका दिसला, १३ नोव्हेंबरला साठाव्या दिवशीही. पहिल्यांदा भरवली त्या तारखेपासून गर्भ टिकायला २२० दिवस गेले.

सखू जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात व्याली, रेडी झाली. राणीला महिनाअखेर रेडा झाला. लाडी ७ फेब्रुवारीला व्याली, रेडी. लाडीचा गर्भ इंजेक्शनाने टिकला, पाण्याने टिकला की आपसूक, हे एका म्हशीवरून कोणी सांगू नये आणि मीही सांगत नाही. गंगी ऑगस्टमध्ये एकदा उलटली, एकविसाव्या दिवशी, आणि दुसऱ्या खेपेला फळली. मोरी दोन उपचारांनंतरही राहिली नाही. दिवाळीआधी ती बाजारात गेली. काकूंनी ते फोनवर सांगितलं आणि लगेच दुसरं बोलायला लागल्या.

या वर्षीच्या कॅलेंडरावर ‘भरवली’च्या पुढे त्या आणखी दोन खुणा आधीच करून ठेवतात, तीस आणि साठ. रेतन करणाऱ्या मुलाने तीच पद्धत आपल्या वहीत घेतली आहे. त्याच्या वहीतून आजूबाजूच्या गोठ्यांचंही चित्र दिसायला लागलंय: मुक्या माजामुळे सुटलेल्या म्हशी जास्त आहेत, पण गर्भ राहून गमावलेल्याही आम्ही समजत होतो त्याहून जास्त आहेत.

गेल्या आठवड्यात काकूंचा फोन आला. डिसेंबरात व्यालेल्या एका म्हशीने ११ मार्चला माज दाखवला, भरवू का थांबू? पत्र्यावर पाचट आहे, ओढ्याला अजून पाणी आहे, म्हैस अंगाने बरी आहे. मी भरवा म्हटलं. पाचव्या दिवशी, १६ मार्चला, जीएनआरएचचं इंजेक्शन जाऊन दिलं. तिची सोनोग्राफी ९ एप्रिलला आहे.